घरी बायबलमधील गोष्टी सांगताना मुलांना देवाचे आज्ञापालन कसे शिकवावे

एका आईने विचारले आहे : “रात्री प्रार्थनेपूर्वी मी मुलांना बायबलमधील एक गोष्ट वाचून दाखवते. धाकटा पाच वर्षांचा आहे, मोठी नऊ वर्षांची. दोघेही आवडीने ऐकतात, पण दुसऱ्या दिवशी सांगितलेले काही ऐकत नाहीत. देवाची आज्ञा पाळावी, हे या गोष्टींतून त्यांच्या मनात कसे उतरवावे? शिवाय, देवाने अब्राहामाला स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला का सांगितले, असे मोठी सारखे विचारते. तिला काय उत्तर द्यावे, हे मला सुचत नाही.”

मी अनेक वर्षे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथशाळेत (बायबलच्या साप्ताहिक वर्गात) लहान मुलांना शिकवत आले आहे आणि पालकांशी या विषयावर पुष्कळ बोलले आहे. त्या आधारावर सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. मुलाने दप्तर जागेवर ठेवावे, मोबाइल मागितल्याबरोबर परत द्यावा, वेळेवर झोपावे, या आईवडिलांच्या आज्ञा आहेत. त्या योग्य आहेत, आणि आईवडिलांचा मान राखावा हे दहा आज्ञांमध्येही आहेच. परंतु देवाचे आज्ञापालन याहून फार मोठे आहे आणि ते आपल्या सोयीसाठी नाही. दिवसभरातील कटकटी मिटवण्यासाठी रात्रीची गोष्ट वापरली, की मुलाच्या ते फार लवकर लक्षात येते. मग निनवे नगरास जाण्याची देवाची आज्ञा मोडून पळालेला योना कोण होता याकडे त्याचे लक्ष राहत नाही. आज आपण काय चुकलो म्हणून आईने योनाची गोष्ट काढली, एवढेच ते शोधू लागते. म्हणून माझा पहिला आग्रह असा आहे, की ज्या दिवशी मुलाला रागावावे लागले, त्या दिवसाचे रागावणे दिवसाच संपवावे आणि रात्री त्या प्रसंगाशी जुळणारी गोष्ट मुद्दाम निवडू नये. गोष्टींचा क्रम आधी ठरवून ठेवलेला असावा आणि तो मुलांनाही माहीत असावा.

दुसरा मुद्दा क्रमाचाच आहे, परंतु तो अधिक खोल आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात दहा आज्ञा दिल्या जातात, तेव्हा पहिले वाक्य आज्ञेचे नाही. मिसर देशातून, दास्यगृहातून तुम्हाला बाहेर काढणारा तो मी, असे परमेश्वर प्रथम सांगतो आणि त्यानंतर आज्ञा येतात. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर घरातलाच प्रसंग आहे. पुढे मुलगा विचारील की या आज्ञांचा आणि विधींचा अर्थ काय, तेव्हा बापाने त्याला काय सांगावे? बापाने नियमांची यादी वाचायची नाही. त्याने गोष्ट सांगायची आहे. आम्ही फारोचे दास होतो, परमेश्वराने आम्हाला सोडवले, आणि आमचे कल्याण व्हावे म्हणून या आज्ञा दिल्या. देवाने काय केले हे आधी, माणसाने काय करावे हे नंतर. आपल्या घरांत हा क्रम बहुधा उलटा होतो. ‘देवाचे ऐकले नाही तर’ या शब्दांनी आपण सुरुवात करतो आणि ज्याचे ऐकायचे तो कसा आहे, हे मुलाला कळलेलेच नसते. पाच वर्षांच्या मुलाला बारा महिने तुम्ही केवळ देवाने कोणाला सांभाळले, कोणाला अन्न दिले, कोणाची हाक ऐकली, याच गोष्टी सांगितल्या, तरी आज्ञापालनाचे शिक्षण थांबले असे मी म्हणणार नाही. विश्वास बसल्याशिवाय पाळलेली आज्ञा ही भीतीने पाळलेली असते, आणि भीती संपली की ती आज्ञाही संपते.

आता प्रत्यक्ष गोष्टींकडे वळते. आज्ञापालनासाठी एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी बाळ शमुवेलाची निवडीन. ती शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात आहे, आणि ती नीट सांगायची तर दोन-तीन रात्री तरी घ्याव्यात. शिलो येथील परमेश्वराच्या मंदिरात लहान शमुवेल झोपला आहे. दिवा अजून विझलेला नाही. हाक येते. तो लगबगीने म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे धावतो : “मला बोलावले ना? हा मी आलो.” एली म्हणतो, मी नाही बोलावले, जाऊन झोप. असे तीनदा होते. बहुतेक चित्रांच्या पुस्तकांत गोष्ट चौथ्या हाकेपाशी संपते : “बोल, तुझा दास ऐकत आहे.” चित्रात हात जोडलेला गोड मुलगा असतो आणि खाली ‘आपणही देवाचे ऐकावे’ असे छापलेले असते.

परंतु मूळ गोष्ट तिथे संपत नाही, आणि आज्ञापालनाचा खरा भाग तिथून पुढेच आहे. शमुवेलाला जे ऐकू आले ते अतिशय कठीण होते. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास देवाच्या नावाने आलेल्या अर्पणांवर हात मारत होते, एलीला ते ठाऊक होते आणि त्याने त्यांना आवरले नाही, म्हणून त्याच्या घराण्यावर शिक्षा येणार होती. ज्या म्हाताऱ्याने आपल्याला वाढवले, त्यालाच हे सांगायचे. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, मग उठून मंदिराची दारे उघडतो. तो नेहमीचे काम करतो आणि सांगायला घाबरतो. हे वाक्य वाचून झाले की थोडे थांबा. नऊ वर्षांच्या मुलीला ही भीती पूर्ण कळते. एली बोलावून विचारतो तेव्हा मात्र तो काहीही न लपवता सर्व सांगतो. आणि एली रागावत नाही. तो परमेश्वर आहे, त्याला बरे दिसेल ते तो करो, असे म्हणतो.

या एका गोष्टीत मुलांना किती दिसते ते पाहावे. शमुवेलाला पहिल्या तीन हाकांत देवाचा आवाज ओळखता आला नाही आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. आवाज कसा ओळखायचा हे एका मोठ्या माणसाने शिकवले, आणि तो मोठा माणूस स्वतः निर्दोष नव्हता. ऐकण्याचे पहिले फळ म्हणजे खरे बोलण्याचे धैर्य. पालक म्हणून आपल्यासाठीही यात एक जागा आहे, आणि ती एलीची आहे. लहान मुलाच्या तोंडून आपल्याविषयीचे खरे ऐकून घेण्याची तयारी ज्या घरात नाही, त्या घरात ही गोष्ट सांगणे फार अवघड जाते. गोष्ट संपल्यावर ‘तात्पर्य काय?’ असे विचारू नये. ‘रात्रभर त्याला काय वाटले असेल?’ असे विचारावे, आणि उत्तर आले नाही तरी चालेल असे धरूनच विचारावे. पाच वर्षांच्या धाकट्याला मात्र पुढील भाग थोडक्यात सांगावा : शमुवेलाला एक कठीण निरोप द्यायचा होता, तो घाबरला, तरी त्याने खरे सांगितले.

नामानाची गोष्ट लहान मुलांना विशेष आवडते, कारण तिच्यात यार्देन नदीत सात बुड्या आहेत आणि त्या मोजता येतात. कुष्ठरोग बरा होण्यासाठी नदीत सात वेळा बुडी मार, या अलीशा संदेष्ट्याच्या साध्या सांगण्यावर अरामी सैन्याचा एवढा मोठा सेनापती रागावतो. दिमिष्काच्या अबाना आणि परपर या नद्या इस्राएलातल्या सर्व पाण्यांहून चांगल्या नाहीत काय, असे विचारतो. त्याचे चाकर त्याला समजावतात, की काही अवघड सांगितले असते तर ते तुम्ही केले असते ना? लहान आज्ञा पाळणे कमीपणाचे वाटते, ही अडचण मोठ्या माणसांची अधिक आहे, आणि मुले ती ऐकून खुदकन हसतात. गोष्टीच्या आरंभी जी कैद करून आणलेली लहान मुलगी आहे, तिला वगळू नका. तिचे नावसुद्धा दिलेले नाही, आणि धनी इस्राएलातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील, या तिच्या एका वाक्यावर पुढचे सर्व उभे आहे.

योनाची गोष्ट प्रत्येक घरात सांगितली जाते आणि जवळजवळ प्रत्येक घरात ती माशापाशी संपते. देवाचे ऐकले नाही म्हणून माशाने गिळले, ऐकले म्हणून सुटला, एवढेच मुलाच्या हाती येते. पुस्तकात चार अध्याय आहेत. मासा पहिल्या अध्यायाच्या शेवटी येतो आणि दुसऱ्याच्या शेवटी योनाला कोरड्या जमिनीवर टाकून निघून जातो. तिसऱ्यात योना आज्ञा पाळतो, निनवेचे लोक पश्चात्ताप करतात आणि देव शिक्षा टाळतो. चौथ्यात आज्ञा पाळून झालेला योना रागावून बसलेला आहे, कारण शत्रूंच्या नगरावर देवाने दया केली. पाय निनवेला गेले, मन गेले नाही. देव त्याला उन्हात सावली देणारे झाड देतो, ते वाळवतो, आणि शेवटी विचारतो, की उजवा-डावा हात न समजणारी 1,20,000 हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे ज्या नगरात आहेत, त्याची मी पर्वा करू नये काय? पुस्तक या प्रश्नावर संपते, योनाचे उत्तर दिलेले नाही. मोठ्या मुलीला हा चौथा अध्याय जरूर वाचून दाखवा. सांगितले तेवढे करणे आणि देवाला जे प्रिय आहे ते आपल्यालाही प्रिय वाटणे, यांतील अंतर तिला या गोष्टीतून जितके स्पष्ट दिसेल, तितके आपल्या समजावण्याने दिसणार नाही.

तुमची मुले दुसऱ्या दिवशी ऐकत नाहीत, या तक्रारीसाठी मत्तयाच्या 21 व्या अध्यायातील दोन मुलांचा दाखला जवळचा आहे. बाप एकाला म्हणतो, द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. तो ‘जात नाही’ म्हणतो, पण मागून पस्तावून जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केले, असे येशू विचारतो. हा दाखला मुलांना सांगण्याआधी पालकांनी स्वतःसाठी वाचावा. मुलाने तोंडावर ‘नाही’ म्हटले आणि अर्ध्या तासाने ते काम गुपचूप केले, तर आपण त्याला त्या ‘नाही’बद्दल पुन्हा सुनावतो की त्याचे काम स्वीकारतो? उशिरा आलेले आज्ञापालन घरात स्वीकारले गेले, तर पश्चात्ताप म्हणजे काय हे मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. उलट, गोड आवाजात ‘हो आई’ म्हणून काहीच न करणारे मूल आपल्याला आज्ञाधारक वाटत राहते, आणि ही सवय मला अधिक धोक्याची वाटते.

आता तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे. प्रश्न योग्य आहे आणि तो दाबू नये. उत्पत्तीचा 22 वा अध्याय पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र गोष्ट म्हणून सांगू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या वयाचे मूल स्वतःला अब्राहामाच्या मुलाच्या, इसहाकाच्या जागी ठेवते आणि आपल्या बाबांकडे पाहते. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र सांगता येते, पण ती गोष्ट एकटी सांगू नये. अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो 75 वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. मुलगा होईल हा देवाने दिलेला शब्द मधल्या 25 वर्षांनंतर पाळल्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता, आणि बळीसाठी मोरियाच्या डोंगराकडे तो त्यानंतरच निघाला. या मधल्या गोष्टी आधी सांगितल्या नाहीत, तर 22 वा अध्याय निव्वळ भयंकर वाटतो.

गोष्ट सांगताना इसहाकाचा प्रश्न लपवू नका. खांद्यावर लाकडे घेऊन चढणारा मुलगा विचारतो, की विस्तव आहे, लाकडे आहेत, पण होमासाठी कोकरू कोठे आहे? तुमच्या मुलीचा प्रश्न याच प्रश्नाच्या जवळचा आहे आणि तो बायबलमध्येच विचारलेला आहे, हे तिला कळू द्या. मग तिला स्पष्ट शब्दांत सांगा, की देवाने अब्राहामाचा हात थांबवला, झुडपात अडकलेला एडका स्वतः पुरवला. आणि आसपासच्या राष्ट्रांत मुलांचे बळी देत, तेव्हा देवाने आपल्या लोकांना ते करण्यास नियमशास्त्रात कडक मनाई केली. देव कोणत्याही आईला किंवा बापाला असे करायला सांगत नाही, आणि कोणी तसे म्हणाले तर ते देवाचे म्हणणे नाही. हे वाक्य तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळाले पाहिजे. त्यानंतर, ती ऐकण्याच्या मनःस्थितीत असेल तर, आपल्या श्रद्धेचा गाभा सांगा : जे देवाने अब्राहामाला करू दिले नाही, ते त्याने आपल्यासाठी स्वतःच्या पुत्राच्या, येशूच्या मरणाच्या बाबतीत सोसले. मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हटले ते रडत, जिवाची घालमेल होत असताना. आज्ञापालन सोपे असते असे बायबल म्हणत नाही, आणि आपणही मुलांना तसे सांगू नये. एवढे सांगूनही तिचे समाधान झाले नाही, तर ‘या प्रश्नावर मीही विचार करते’ असे म्हणून तिच्याबरोबर प्रार्थना करा. एका बैठकीत हा प्रश्न संपलाच पाहिजे असे नाही.

काही गोष्टी धाक घालण्यासाठी वापरल्या जातात : मागे वळून पाहिल्याने लोटाच्या बायकोचा झालेला मिठाचा खांब, अलीशाची चेष्टा करणाऱ्या पोरांवर आलेल्या अस्वली, खोटे बोलून तिथेच मरण पावलेले हनन्या आणि सप्पीरा. यांपैकी एकही गोष्ट पाच वर्षांच्या मुलाला ‘बघ, असे होते’ म्हणून सांगू नये. देव अंधारात टपून बसलेला आहे असे एकदा मनात बसले, तर ते काढायला फार वर्षे लागतात. नोहाचे तारूही आपण प्राण्यांच्या जोड्यांमुळे सहज सांगतो; परंतु बाहेर राहिलेल्यांचे काय झाले, हे मूल कधीतरी विचारणारच. त्या वेळी उत्तर टाळू नये, आणि रंगवूनही सांगू नये. माणसांनी पृथ्वी जुलमाने भरली याचे देवाच्या मनाला दुःख झाले, असे सहाव्या अध्यायात म्हटले आहे. तेथून सुरुवात करावी.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि शब्बाथशाळांतून तो क्वचितच शिकवला जातो. देवाचे ऐकणे म्हणजे प्रत्येक मोठ्या माणसाचे ऐकणे नव्हे, हे मुलाला लहानपणीच कळले पाहिजे. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणी आहेत. इब्री स्त्रियांना मुलगा झाला तर मारून टाका, अशी फारोची आज्ञा होती. त्यांनी देवाचे भय बाळगले आणि राजाचे ऐकले नाही. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांनी मूर्तीला नमन करायला सांगणाऱ्या बाबेलच्या राजाचे, नबुखद्नेस्सराचे ऐकले नाही. येशूविषयी शिकवू नका असे बजावणाऱ्या न्यायसभेपुढे पेत्र आणि येशूच्या इतर प्रेषितांनी सांगितले, की माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे. या गोष्टी सांगितल्या, की पुढे सरळ बोला : कोणी मोठा माणूस, मग तो नात्यातला असो, शिक्षक असो किंवा मंडळीतला मान्यवर असो, वाईट करायला सांगेल, अंगाला नको तसा हात लावील किंवा ‘आईला सांगू नकोस’ म्हणेल, तर त्याचे ऐकायचे नाही, आणि न ऐकणे हेच तेव्हा देवाचे ऐकणे आहे. ज्या मुलाला केवळ ‘मोठ्यांचे ऐक’ एवढेच देवाच्या नावाने शिकवले, ते मूल अशा वेळी अगदी एकटे पडते. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञा पाळायला सांगितल्यावर लगेच बापांना सांगितले आहे, की मुलांना चिरडीस आणू नका. दोन्ही वाक्ये एकत्र शिकवली गेली पाहिजेत.

आपल्याकडे याच संदर्भात आणखी एक प्रश्न येतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे एक टक्का आहेत, म्हणजे तुमचे मूल वर्गात एकटेच ख्रिस्ती असण्याचा संभव मोठा आहे. प्रसाद घ्यावा का, आरतीला उभे राहावे का, असे प्रश्न त्याला शाळेत आणि शेजारी पडतात. प्रत्येक कुटुंबाने याचे उत्तर आपल्या विवेकाने आणि पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) बोलून ठरवावे. परंतु ठरवलेले पाळताना कसे वागायचे, यासाठी दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मुलांना सांगावा. परक्या राजाच्या दरबारात राजाचे अन्न घेणे दानीएलाला आपल्या श्रद्धेविरुद्ध वाटते, पण त्याबद्दल तो भांडत नाही, कोणाचा अपमान करत नाही. तो विनंती करतो, की दहा दिवस आम्हाला शाकान्न आणि पाणी देऊन पाहा. अधिकाऱ्याची अडचणही तो समजून घेतो. देवाशी एकनिष्ठ राहणे आणि शेजाऱ्याशी आदराने बोलणे यांत विरोध नाही, हे मुलाला या गोष्टीतून उमगते. ‘त्यांचे खोटे, आपले खरे’ अशा भाषेत शिकवलेले मूल आज्ञाधारक होत नाही, केवळ उद्धट होते.

पद्धतीविषयी थोडक्यात सांगते. गोष्ट आधी स्वतः बायबलमधून दोनदा वाचावी आणि मग पुस्तक मिटून सांगावी. शेवटी मूळातील चार ओळी मात्र वाचून दाखवाव्यात, म्हणजे ही गोष्ट आईची नाही, वचनातली आहे, हे कळते. लहानग्यासाठी दहा मिनिटे पुरेत. एकच गोष्ट आठवडाभर चालली तरी हरकत नाही. मुलांना पुनरावृत्ती आवडते, कंटाळा आपल्याला येतो. शाळा इंग्रजी माध्यमाची असली, तरी घरात आजी ज्या मराठीत प्रार्थना करते त्याच मराठीत गोष्ट सांगावी. ‘तारू’, ‘कोकरू’, ‘मेंढपाळ’ हे शब्द अडले तर समजावून द्यावेत. आजी-आजोबा असतील तर आठवड्यातील एक रात्र त्यांना द्यावी आणि त्यांच्या आयुष्यात देवाचे ऐकणे कधी कठीण गेले, ते त्यांनी सांगावे. सुवर्णवचनाचे (पाठ करायला दिलेल्या बायबलमधील वाक्याचे) पाठांतर चांगलेच आहे, परंतु घरी त्यासाठी बक्षीस ठेवू नये. चॉकलेटसाठी पाठ केलेले वचन चॉकलेटबरोबरच संपते.

दुसऱ्या दिवशीच्या वागण्यासाठी मुलाला लहान आणि नेमके काहीतरी द्यावे, आणि ते आपणही करावे. दोन मुलांचा दाखला सांगितला असेल, तर या आठवड्यात आपण सर्वांनी ‘हो’ म्हटलेले एक तरी काम पूर्ण करायचे, असे ठरवावे. बाबांनीही ठरवावे. शनिवारी रात्री जेवताना प्रत्येकाने सांगावे, आणि ज्याचे राहिले त्याने तेही सांगावे. कोणी कोणाचे गुण मोजू नयेत.

शेवटी, मोठीच्या प्रश्नांनी धाकट्याचा गोष्टीतला रस जातो अशी काळजी असेल, तर तिला आठवड्यातून दोन दिवस तुमच्याबरोबर वेगळे बसू द्या. लूकाच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू यरुशलेमेच्या मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून त्यांचे ऐकताना आणि त्यांना प्रश्न विचारताना सापडतो. मरीया आणि योसेफ त्याला तीन दिवस शोधत होते. आईने त्याला जाब विचारला, त्याने उत्तर दिले, ते उत्तर त्या दोघांना समजले नाही. तरी तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. आईने या सर्व गोष्टी मनात ठेवल्या, असे पुढे लिहिले आहे. तुमच्या मुलीबरोबर पहिल्या बैठकीत हाच भाग वाचा, आणि त्या दिवशीचे प्रश्न तिला विचारू द्या.